ठेच वृद्धाला, दोष कोणाला?

वृद्धांच्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन गोष्टींभोवती फिरते : निवृत्तिवेतन आणि औषधपाणी. दोन्ही महत्त्वाच्या आहेत, यात वाद नाही. परंतु ज्या माणसाला बँकेपर्यंत, तहसील कचेरीपर्यंत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत स्वतःच्या पायांनी जाता येत नाही, त्याच्या दृष्टीने या दोन्ही सोयी निम्म्या कागदावरच राहतात. वृद्धाचे स्वातंत्र्य अखेर त्याच्या चालण्यावर अवलंबून असते. आणि चालणे अवलंबून असते ते प्रत्येक पाऊल जमिनीपासून किती उचलले जाते यावर. हे अंतर फार मोठे असते असे मुळीच नाही. सपाट जमिनीवर चालताना मागचा पाय पुढे येतो, तेव्हा त्याची बोटे आणि जमीन यांच्यामध्ये सर्वांत अडचणीच्या क्षणी उरणारी फट जेमतेम एक ते दोन सेंटिमीटरांची असते. वृद्धाचीच नव्हे, धडधाकट तरुणाचीही तेवढीच असते. हाताच्या एका बोटाच्या जाडीएवढ्या या फटीवर माणसाचे उभे राहणे आणि कोसळणे अवलंबून असते.

वय वाढते तशी ही फट बेभरवशाची होते. हा निसर्गक्रम आहे आणि तो कोणाला टाळता येत नाही. पण त्या बेभरवशाच्या पावलाखाली समाज कसला रस्ता, कसली पायरी आणि कसला उंबरठा ठेवतो, हा निसर्गाचा प्रश्न नाही. तो सार्वजनिक खर्चाच्या अग्रक्रमाचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो केवळ डॉक्टरांवर सोपवून मोकळे होता येणार नाही.

दुष्काळी कामांवरची पिढी

२०११ च्या जनगणनेत देशातील साठ वर्षांवरील लोकांचे प्रमाण ८.६ टक्के होते. महाराष्ट्रात ते ९.९ टक्के, म्हणजे सुमारे एक कोटी दहा लाख होते. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याची लोकसंख्या त्या वेळी पंचेचाळीस लाखांच्या घरात होती. राज्याचेच प्रमाण जिल्ह्याला लावले, तर त्या वर्षीच येथे साडेचार लाखांच्या आसपास वृद्ध होते, असा साधा त्रैराशिकाचा हिशेब निघतो. त्यानंतर हे प्रमाण वाढतच गेले आहे. २०३१ पर्यंत देशातील साठीपुढील लोकांचा वाटा तेरा टक्क्यांवर जाईल, असा सरकारी अंदाज आहे.

आकड्यांमागची माणसे कोण, हेही पाहिले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात वीस-बावीस वर्षांची असलेली पिढी आज सत्तरीच्या पुढे गेली आहे. त्या दुष्काळाचा तडाखा ज्या जिल्ह्यांना जबर बसला, त्यांत हा जिल्हा होता. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत, पारनेर या भागांतील हजारो स्त्री-पुरुषांनी त्या काळात दुष्काळी कामांवर खडी फोडली, माती वाहिली, पाझर तलावांचे बांध घातले आणि रस्ते तयार केले. रोजगार हमी योजनेची पायाभरणी या श्रमांवर झाली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि सारे जग तिचा अभ्यास करू लागले. त्या रस्त्यांवर घाम गाळलेली पावले आता वाकली आहेत, आणि त्याच रस्त्यांवरून चालणे त्यांना अवघड झाले आहे.

या जिल्ह्याच्या पूर्व व दक्षिण भागांत आणखी एक गोष्ट घडते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या कोयत्यावर तरुण जोडपी घर सोडतात आणि उन्हाळा तोंडावर येईपर्यंत परतत नाहीत. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळकरी नातवंडे. एरवी सून किंवा मुलगा जी कामे करतो ती, म्हणजे पाणी आणणे, रेशन आणणे, दळण नेणे, बँकेत जाऊन श्रावणबाळ योजनेचे पैसे काढणे, ही सर्व या काळात वृद्धांच्याच पायांवर येऊन पडतात. म्हणजे पाय थकतात त्याच वयात त्यांच्यावरचा भार वाढतो.

पावलात नेमके काय बदलते?

म्हातारपणी माणूस हळू चालतो, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. तो हळू का चालतो, हे मात्र काळजीपूर्वक मोजमाप केल्यावरच कळले. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात डेव्हिड विंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये तंदुरुस्त वृद्ध आणि तरुण यांच्या चालण्याची तुलना प्रसिद्ध केली. तीत असे दिसले की, निरोगी वृद्धाचेही पाऊल आखूड पडते; दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर टेकलेले असण्याचा काळ वाढतो; पाऊल उचलताना चवड्याने जमिनीला मागे दिलेला रेटा कमी होतो; आणि पुढचे पाऊल टाचेवर ठळकपणे न टेकता अधिक सपाट पडते.

यांतील रेट्याची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. चालताना शरीर पुढे ढकलण्याचे मोठे काम पोटरीचे स्नायू घोट्यातून करतात. वयोमानाप्रमाणे स्नायू झिजतात, त्यांतही झटकन आकुंचन पावणारे तंतू अधिक झिजतात आणि पोटरीचा जोर उणावतो. मग ते काम खुब्याचे स्नायू अंगावर घेतात. बाहेरून पाहणाऱ्याला म्हातारा 'चालतो आहे' एवढेच दिसते. आत मात्र कामाची सारी वाटणी बदललेली असते. घोटा आखडतो. पायाची बोटे वर उचलणारा नडगीपुढचा स्नायू मंदावतो. टाचेखालच्या गादीची लवचीकता कमी होते. तळव्याची संवेदना बोथट होते, आणि मधुमेह असेल तर ती फारच लवकर जाते. परिणामी पायाखाली काय आले आहे, याची बातमी मेंदूकडे उशिरा पोहोचते आणि तोल सावरण्याचा हुकूमही उशिरा परत येतो.

ज्या क्षणी बोटे जमिनीच्या सर्वांत जवळ असतात, त्याच क्षणाच्या आसपास ते पाऊल सर्वाधिक वेगात, शरीराच्या वेगाच्या जवळजवळ तिप्पट वेगाने, पुढे सरकत असते. दुसऱ्या पायावर सर्व भार असतो आणि शरीर पुढे झुकू लागलेले असते. अशा वेळी बोटे कशाला अडखळली, तर तरुण माणूस दुसरे पाऊल झटकन पुढे टाकून सावरतो. वृद्धाची अडचण केवळ ठेच लागण्यात नसते. ठेच लागल्यानंतर पुढचे पाऊल वेळेवर पडत नाही, ही खरी अडचण असते.

सरासरीची फसवणूक

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेला एक मुद्दा उपस्थित होतो. संशोधकांनी तरुणांच्या आणि वृद्धांच्या पावलाखालची ही फट मोजली, तेव्हा दोहोंच्या सरासरीत फारसा फरक आढळला नाही. सरासरीवर थांबणारा असा निष्कर्ष काढील की, वयाचा पाऊल उचलण्यावर काही परिणाम होत नाही. पण सरासरी हे अर्धे सत्य असते. वृद्धांच्या पावलांत चलनवलनाचा विखुरलेपणा अधिक असतो. तरुणाचे प्रत्येक पाऊल जवळपास सारख्याच उंचीवरून जाते. वृद्धाचे एखादे पाऊल दोन सेंटिमीटरांवरून, तर एखादे अर्ध्या सेंटिमीटरावरून जाते. सरासरी तीच, पण अपघात सरासरी पावलामुळे होत नसतो, तो त्या एका खाली गेलेल्या पावलामुळे होत असतो. सरासरी पाऊसमान ठीक असलेल्या तालुक्यात एका कोरड्या महिन्यामुळे पीक जळते, हे ज्या जिल्ह्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे, त्याला हा मुद्दा अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

आता या फटीशेजारी आपल्या रस्त्यांचे चित्र ठेवून पाहावे. गल्लोगल्ली बसवलेल्या पेव्हिंग ब्लॉकखालची माती एका पावसाळ्यात खचते आणि एखाद्या ब्लॉकची कड सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वर येते. गटारावरचा ढापा रस्त्याच्या पातळीला कधीच नसतो. डांबराचा थरावर थर चढून रस्ता उंचावतो आणि साइडपट्टी मात्र जिथल्या तिथे राहते. नळजोडणीसाठी खोदलेली चारी बुजवली जाते ती ढेकळांनी. यांतील प्रत्येक दोष अभियंत्याच्या दृष्टीने किरकोळ आहे. मोटारीला तो जाणवतही नाही. पण तो नेमका त्या एका-दोन सेंटिमीटरांच्या मापाचा आहे. वृद्धाच्या पावलाचे माप आणि आपल्या कामचुकारपणाचे माप एकच निघावे, हा दुर्दैवी योगायोग म्हणावा लागेल.

लक्ष विचलित होणे हाही यातला एक घटक आहे. स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ मध्ये वृद्धनिवासातील ५८ व्यक्तींचे साधे निरीक्षण केले. चालताना कोणी बोलू लागले की, त्यांतील बारा जण थांबून मगच उत्तर देत. पुढील सहा महिन्यांत या बारांपैकी दहा जण पडले. ज्याला चालण्यासाठीच सगळे लक्ष लागते, त्याच्या कानाशी कर्कश हॉर्न वाजवणे किंवा बाजाराच्या दिवशी त्याला वाहनांच्या गर्दीतून वाट काढायला लावणे किती घातक आहे, हे यावरून ध्यानात यावे.

वारीचा दाखला

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. आपल्याकडचे म्हातारे काटक असतात. सत्तरीचे वारकरी अनवाणी पंढरपूर गाठतात. ही सगळी नाजूक शहरी दुखणी आहेत, असे म्हटले जाईल. या आक्षेपात तथ्यांश आहे. त्र्यंबकेश्वराहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी दरवर्षी याच जिल्ह्यातून, राहुरी, नगर, कर्जत असा मजल दरमजल प्रवास करीत जाते आणि तिच्यात पांढऱ्या केसांची माणसे शेकड्यांनी असतात. अनवाणी चालण्याचे काही फायदेही शास्त्राने मान्य केले आहेत. दक्षिण भारतातील आजन्म अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांचा अभ्यास बेल्जियमच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांत अशा लोकांचे चवडे अधिक रुंद आणि तळव्यावरील दाब अधिक सारखा विभागलेला आढळला.

तथापि वारीत जे दिसतात ते चालू शकणारेच दिसतात. ज्यांनी गुडघ्यामुळे तीन वर्षांपूर्वी वारी सोडली, जी आजी न्हाणीत घसरली आणि त्यानंतर ओसरीवरून उठलीच नाही, ती त्या दिंडीत कोठून दिसणार? उरलेल्यांकडे पाहून सर्वांविषयी निष्कर्ष काढणे हा संख्याशास्त्रातील जुना दोष आहे. शिवाय वारीकडून शिकायचेच असेल, तर वेगळी गोष्ट शिकता येईल. दिंडीत चाल संथ असते, टाळमृदंगाचा ठेका पावलाला लय देतो, विसाव्याच्या जागा ठरलेल्या असतात, सोबत माणसे असतात आणि पालखीच्या वेळी रस्ता चालणाऱ्यांचा असतो; वाहने थांबतात. वृद्धाला चालण्यासाठी जे जे हवे, ते सारे वारीत परंपरेने दिले आहे. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत त्याच रस्त्यावर त्याच माणसाला यांतले काहीही मिळत नाही.

भाडे माफ, पायरी उंच

सरकार वृद्धांसाठी काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एसटीचेच उदाहरण घ्यावे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली ती अहमदनगर-पुणे मार्गावर. त्या एसटीतून ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना मोफत आणि पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या नागरिकांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. मार्च २०२३ पासून स्त्रियांनाही अर्धे भाडे पडते. ही सवलत लोकप्रिय झाली, यात नवल नाही. तिने अनेक वृद्धांना तालुक्याच्या गावी, लेकीच्या घरी, देवदर्शनाला जाता येऊ लागले.

पण साध्या एसटी गाडीची पहिली पायरी जमिनीपासून किती उंच असते? ठेंगण्या म्हातारीच्या जवळपास गुडघ्याला येईल इतकी. ती चढायला एका पायावर सारा भार तोलून दुसरा पाय उचलावा लागतो. म्हणजे वयाने नेमकी जी क्षमता हिरावलेली असते, तीच येथे तिकिटाऐवजी मागितली जाते. गाडी फलाटाला न लागता मध्येच थांबली, तर ती पायरी आणखी वर जाते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, सरकारने प्रवासाची किंमत शून्यावर आणली. परंतु प्रवासाचा खर्च शून्यावर आणला नाही. किंमत पैशांत असते. खर्च गुडघ्यांत, धास्तीत आणि अपमानातही असतो. मागून 'चला आजी, लवकर' म्हणणाऱ्यांच्या रेट्यात चढणाऱ्या म्हातारीला विचारले, तर मोफत तिकिटापेक्षा एक खालची पायरी आणि धरायला एक दांडा तिला अधिक मोलाचा वाटेल. भाड्याच्या सवलतीचा भार दरवर्षी तिजोरीवर पडतो. पायरीचा खर्च गाडी बांधताना एकदाच करायचा असतो. असे असूनही पहिली गोष्ट होते आणि दुसरी राहून जाते, याचे कारण पहिलीची जाहिरात करता येते.

रस्ता ओलांडण्याचीही तीच कथा. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, असे गृहीत धरण्याची पद्धत अनेक देशांत रूढ झाली. इंग्लंडमधील पासष्टीवरील लोकांचे चालणे मोजले, तेव्हा ८४ टक्के पुरुष आणि ९४ टक्के स्त्रिया त्याहून हळू चालतात, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. अमेरिकेने आपले गृहीत माप २००९ मध्ये कमी केले. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी प्रश्न सिग्नलच्या मापाचा नाहीच; सिग्नलच नाही. पुणे, मनमाड, कल्याण आणि सोलापूर यांच्याकडे जाणारे मोठे रस्ते या जिल्ह्यातील गावांच्या मधूनच गेले आहेत. शाळा एका बाजूला, आळी दुसऱ्या बाजूला. दवाखाना इकडे, मारुती तिकडे. नगर शहरात वाहनांसाठी सुमारे तीन किलोमीटरांचा उड्डाणपूल नोव्हेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि त्याची निकड होतीच. परंतु वाहनाची अडचण दूर करायला कोट्यवधी रुपये लागतात, हे जितक्या सहजपणे मान्य होते, तितक्या सहजपणे पादचाऱ्याची अडचण दूर करायला काही हजार लागतील, हे मान्य होत नाही.

दुष्टचक्र आणि त्याचा खर्च

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्यू पावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांच्या खालोखाल याच कारणाचा क्रम लागतो, आणि त्यांत वृद्धांचा वाटा सर्वांत मोठा आहे. पासष्टीपुढील साधारण तीन माणसांपैकी एक वर्षातून एकदा तरी पडतो. पण मृत्यू हा या प्रश्नाचा केवळ वरचा थर झाला. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याच्या भीतीने चालणे कमी करतो. चालणे कमी झाले की पोटरी आणखी झिजते. पोटरी झिजली की पाऊल आणखी खाली जाते. आणि मग खरोखरच पुन्हा पडण्याची वेळ येते. गरीब देश गरीब का राहतात, हे सांगताना रॅग्नर नर्क्स यांनी दुष्टचक्राची कल्पना मांडली होती. वृद्धाचे चालणे नेमके अशाच चक्रात सापडते.

या चक्राचा खर्च कोण सोसतो? राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोष्टकात तो कोठेच दिसत नाही. खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रियेचे बिल दिसते. पण त्यानंतर सहा महिने शेतमजुरी सोडून सासूचे अंथरूण-पांघरूण करणाऱ्या सुनेची बुडालेली मजुरी दिसत नाही. ऊसतोडणीच्या उचलीतून गेलेला पैसा, विकलेली शेळी, शाळा सोडून आजीजवळ बसलेली नात, हे सर्व हिशेबाबाहेर राहते. रस्त्याची कड समतल न केल्याने वाचलेले सार्वजनिक पैसे गरीब घराच्या खाजगी खर्चात जमा होतात. याला काटकसर म्हणता येत नाही. ही एका खात्यातून दुसऱ्या खात्यात, सबलाकडून दुर्बलाकडे केलेली वर्गवारी होय.

उलट बाजूने पाहिले तर चालण्याचे मोल केवढे आहे, हेही मोजले गेले आहे. नऊ अभ्यासांतील ३४,४८५ वृद्धांची माहिती एकत्र करून २०११ मध्ये अमेरिकन संशोधकांनी दाखवले की, नेहमीच्या चालण्याचा वेग जितका अधिक, तितके पुढील आयुष्य अधिक. म्हणजे वृद्धाची चाल हे एखाद्या महागड्या तपासणीइतकेच बोलके लक्षण आहे, आणि ते पाहायला घड्याळ व चार मीटरांची दोरी पुरते.

अल्प खर्चाचे उपाय

या प्रश्नाची समाधानाची बाजू अशी की, त्याचे उपाय स्वस्त आहेत. पहिला उपाय पायांचाच. वयामुळे गेलेला जोर परत येत नाही, ही समजूत चुकीची ठरली आहे. १९९० मध्ये अमेरिकेत नव्वदीच्या घरातील दहा वृद्धांना आठ आठवडे वजन उचलण्याचा व्यायाम दिला गेला, तेव्हा त्यांच्या पायांचा जोर सरासरीने दुपटीहून अधिक झाला. व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष १०८ प्रयोगांचा एकत्र विचार करून २०१९ मध्ये निघाला. हे व्यायाम साधे आहेत : भिंतीला धरून टाचा वर उचलणे, चवडे वर उचलणे, हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे, एका रेषेत पाऊल टाकणे. लोणी आणि विळद घाट येथे फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी आशा सेविकांच्या सोबतीने गावोगावच्या मंदिराच्या ओट्यावर आठवड्यातून दोनदा असे वर्ग घेतले, तर त्याला लागणारा खर्च एका स्वागत समारंभापेक्षा अधिक होणार नाही.

दुसरा उपाय घरातला. न्हाणीतील गुळगुळीत फरशी खडबडीत करणे, भिंतीला एक दांडा बसवणे, रात्री उठण्याच्या वाटेवर मिणमिणता का होईना दिवा ठेवणे, उंबरठ्याला ठळक रंग देणे, सैल सपातांऐवजी मागे पट्टा असलेली वहाण वापरणे, मोतीबिंदूचे वेळीच ऑपरेशन करणे; यांसाठी योजनांची वाट पाहण्याचे कारण नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत गरजू वृद्धांना साहाय्यभूत साधनांसाठी एकवेळ तीन हजार रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. असे पैसे योग्य उंचीच्या काठीसाठी खर्च झाले, तर सार्थकी लागतात. मात्र काठीची उंची मनगटाशी जुळली पाहिजे, हे सांगणारा माणूस त्या रकमेबरोबर गेला पाहिजे.

तिसरा आणि मुख्य उपाय सार्वजनिक आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरांहून अधिक नसावी, असे सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी, चालण्यायोग्य पदपथ मिळणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे स्पष्ट केले. म्हणजे नियम आहे आणि हक्कही आहे. उणीव आहे ती मोजणाऱ्याची. रस्त्याच्या कामाचे अंतिम बिल काढण्यापूर्वी त्यावरून दोन-चार वृद्धांना चालवून पाहावे आणि ज्या ज्या ठिकाणी एक सेंटिमीटरहून उंच कड आढळेल, ती समतल केल्याशिवाय बिल मंजूर करू नये, एवढी एक अट महापालिकेने, नगरपालिकांनी आणि ग्रामपंचायतींनी घातली तरी पुष्कळ साधेल. बँक, रेशन दुकान, आरोग्य केंद्र आणि एसटी स्थानक या चार ठिकाणांपर्यंतची वाट प्रथम दुरुस्त करावी; सारे गाव एकाच वर्षी होणे शक्य नाही.

हे अशक्य आहे, असे निदान या जिल्ह्याने तरी म्हणू नये. सहकारी साखर कारखानदारीचा प्रयोग १९५० मध्ये प्रवरानगरला याच जिल्ह्यात यशस्वी झाला, आणि त्याच्या पाठीशी धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ उभा होता. हिवरे बाजारने पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडून दाखवला. पावसाचा थेंब न् थेंब मोजणाऱ्या गावांना, वर्षभरात आपल्या गावात किती वृद्ध पडले, कोठे पडले आणि कशाला अडखळून पडले, याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवणे अवघड जाऊ नये. तीन वर्षे अशी नोंद ठेवली, तर धोक्याची ठिकाणे आपोआप डोळ्यांपुढे येतील आणि पैसा कोठे खर्चावा, याबद्दल वाद उरणार नाही.

जामखेड तालुक्यातील चौंडी येथे १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्यादेवींचे नाव या जिल्ह्याने २०२४ मध्ये धारण केले. त्यांची कीर्ती केवळ देवळांवर उभी नाही. पायी चालणाऱ्या यात्रेकरूंसाठी त्यांनी देशभर घाट बांधले, विहिरी खोदल्या, धर्मशाळा उभारल्या. तहानलेल्या, थकलेल्या, पायऱ्या उतरून नदीपर्यंत जाणाऱ्या माणसाचा विचार राज्याच्या खजिन्याने करावा, अशी ती दृष्टी होती. त्या काळी चालणाऱ्यांत वृद्धच अधिक असत, कारण काशीयात्रा ही उतारवयातच करायची असे. नाव बदलण्याचा निर्णय मुंबई-दिल्लीत झाला. त्या नावाला साजेसे काम मात्र गावातच करावे लागेल. येत्या अंदाजपत्रकात प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि नगरपालिकेने वृद्धांच्या वाटेसाठी, थोडी का होईना, स्वतंत्र रक्कम नावानिशी लिहावी, आणि तिचा हिशेब वर्षाअखेर ग्रामसभेत, वॉर्डात वाचून दाखवावा. पंधरा सेंटिमीटरांची पायरी आणि एक सेंटिमीटरची कड यांचा हा हिशेब लहान वाटेल. पण म्हातारपणी माणसाचे जग तेवढ्याच मापांनी लहान किंवा मोठे होत असते.